मदत हवी आहे: जुनी इनोव्हा की क्रिस्टा? टोयोटाच्या नावावर किती भिस्त ठेवावी?

घाटवाट:
नमस्कार मंडळी. घरात सात माणसं, वर्षाचं रनिंग १२ ते १५ हजार किमी, त्यातलं निम्मं सातारा ते कोकण घाटातलं. सेकंड हॅण्ड डिझेल टोयोटा घ्यायचं जवळपास ठरलंय. समोर दोन गाड्या आहेत:

१) इनोव्हा २.५ डी-फोर-डी, २०१३, मीटरवर १,८५,००० किमी, दुसरा मालक
२) इनोव्हा क्रिस्टा २.४ मॅन्युअल, २०१८, १,१०,००० किमी, पहिला मालक

जो भेटतो तो म्हणतो, "टोयोटा आहे, डोळे झाकून घे." मला डोळे उघडे ठेवून घ्यायची आहे. हा लौकिक आला कुठून, तो आजही खरा आहे का, आणि या दोन गाड्यांत नेमकं काय तपासायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

पाना_१४:
आधी २.५ बद्दल, कारण जास्त धोके तिथे आहेत.

या गाडीचं इंजिन टू-केडी, १०२ पीएस, कॉमन रेल (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल). लॅडर चेसिस, मागच्या चाकांना ड्राइव्ह. गाभा अतिशय दणकट आहे, पण तीन गोष्टींकडे दुर्लक्ष झालं तर हेच इंजिन खोलावं लागतं.

पहिली, टायमिंग बेल्ट. या इंजिनला चेन नाही, बेल्ट आहे. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि हेडचं काम निघतं. तुटण्याआधी आवाज येईलच असं नाही. बदलताना नुसता बेल्ट टाकायचा नाही, टेन्शनरची पुली आणि हायड्रॉलिक टेन्शनरही बघून घ्यायचे. बेल्ट नवा आणि पुलीचं बेअरिंग जुनं ठेवलं, तर बेअरिंग जाम होऊन नवा बेल्टही जातो.

दुसरी गोष्ट लोकांना फारशी माहीत नसते, म्हणून जरा विस्ताराने. इंजेक्टरच्या (गॅरेजमध्ये नॉझल म्हणतात) बुडाशी तांब्याचा छोटा वॉशर असतो. तो सिलिंडरमधला दाब अडवतो. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने तो बसतो आणि जळलेला वायू बारीक बारीक वर निसटू लागतो. इंजेक्टरचा वरचा भाग टॅपेट कव्हरच्या आत असल्यामुळे ती काजळी थेट इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल डांबरासारखं घट्ट होतं, चेंबरमधली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) ऑइल ओढणारी जाळी तुंबते, मग टर्बो आणि बेअरिंगना ऑइल पुरत नाही. लोक म्हणतात "अचानक इंजिन बसलं". ते अचानक नसतं, एका वॉशरने सुरू झालेलं असतं.

तपासायचं असं: थंड इंजिनवर ऑइलचं झाकण काढा आणि आतून बोट फिरवा. डिझेलचं ऑइल काळं असणारच. पण बोटाला पातळ ऑइलऐवजी चिकट गोळे किंवा कोरडी, कडक काजळी लागली तर व्यवहार तिथेच थांबवा, किंवा चेंबर उतरवून जाळी बघायची अट घाला.

तिसरी, इंजेक्टर स्वतः. गाडी रात्रभर उभी असताना सकाळचा पहिला स्टार्ट तुमच्यासमोर झाला पाहिजे. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर परत या. पहिल्या मिनिटात जोराची ठकठक आणि पांढरा धूर म्हणजे इंजेक्टर संशयित. मग स्कॅनर लावून गरम इंजिनच्या आयडलला चारही सिलिंडरचे फीडबॅक आकडे (डिझेलच्या मात्रेत इंजिन करत असलेली दुरुस्ती) बघा. ते अधिक-उणे ३ च्या आत असावेत, आणि एखादाच बाकी तिघांपेक्षा फार वेगळा नसावा. बदलावे लागले तर नव्या इंजेक्टरवरचा कोड ईसीयूत (इंजिनच्या संगणकात) भरून घ्या. तो न भरता गाडी चालते, पण खडखडते आणि धूर मारते.

आयडलला आरपीएम वर-खाली नाचत असेल तर लगेच इंजेक्टरला दोष देऊ नका. डिझेल पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह अडकल्यावरही हेच होतं, आणि तो इंजेक्टरपेक्षा कितीतरी स्वस्तात सुटतो. त्याच्याही आधी डिझेल फिल्टर बदला.

मागावरचा:
लौकिकाच्या प्रश्नावर लिहितो, कारण तो "डोळे झाकून घे" या वाक्यापेक्षा फार खोल आहे.

टोयोटाची मुळं गाडीत नाहीत, हातमाग-यंत्रमागात आहेत. साकिची टोयोदा यांचा १९२४ चा जी-टाइप स्वयंचलित माग घ्या. ताण्याच्या (उभ्या) प्रत्येक धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी लटकलेली असे. धागा तुटला की पट्टी खाली पडायची आणि माग आपोआप थांबायचा. इचलकरंजी किंवा मालेगावात ज्यांनी माग चालताना जवळून पाहिलाय त्यांना याचं मोल लगेच कळेल: धागा तुटूनही माग चालत राहिला तर पुढचं सगळं कापड दोषी निघतं. याच मागाच्या पेटंट हक्कांसाठी इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कापडयंत्रं बनवणाऱ्या कंपनीशी १९२९ मध्ये १ लाख पौंडांचा करार झाला.

मुलगा किइचिरो यांनी १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग काढला. १९३६ ला पहिली कार मॉडेल एए, १९३७ ला स्वतंत्र कंपनी. पुढे टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांनी तोच "दोष दिसला की थांबा" नियम गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर आणला. कामगाराने दोरी ओढली की मदत धावून येते, आणि दोष सुटला नाही तर लाइन थांबते. दोष पुढच्या माणसाकडे ढकलायचा नाही. लौकिकाचं मूळ हे आहे.

आणि तो लौकिक पहिल्या दिवसापासून नव्हता. १९५० मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती, संप झाला, किइचिरोंनी राजीनामा दिला. कोरियन युद्धातल्या ट्रकच्या ऑर्डरींनी ती तरली. १९५७-५८ मध्ये टोयोपेट क्राउन अमेरिकेत नेली तर तिथल्या हायवेवर ती दमायची, तापायची. नाव कमावलं ते त्यानंतर: लँड क्रूझरने, १९६६ च्या कोरोलाने, हायलक्सने.

भारतात १९९७ मध्ये किर्लोस्करांबरोबर कंपनी स्थापन झाली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या किर्लोस्करवाडीचंच हे घराणं, पण कारखाना झाला बंगळुरूजवळ बिडदीला. २००० मध्ये क्वालिस आली. २.४ लिटर, टर्बो नाही, कॉमन रेल नाही, मेकॅनिकल पंप. दिसायला ठोकळा, पण बिघडण्यासारखं तिच्यात होतंच कमी. २००५ मध्ये ती विक्रीत असतानाच बंद करून इनोव्हा आणली. टॅक्सीवाल्यांनी या दोन गाड्यांवर लाखालाखांनी किलोमीटर काढले आणि "टोयोटा म्हणजे टिकाऊ" हे समीकरण आपल्याकडे तिथून रुजलं.

कोरापाटी:
मागावरचा यांनी छान लिहिलंय, पण दुसरी बाजूही घाटवाट यांच्यापुढे यायला हवी.

२००९-१० मध्ये आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींवरून टोयोटाला जगभर प्रचंड संख्येने गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पायातली मॅट पेडलला अडकणं आणि पेडल चिकटणं ही कारणं निघाली. २०११ मध्ये नासाच्या तज्ज्ञांनाही इलेक्ट्रॉनिक्समध्ये कारण सापडलं नाही. पण ग्राहकांना दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरले. टॅकोमा पिकअपच्या चेसिस गंजल्या, त्यावर अमेरिकेत मोठी तडजोड झाली. ऑस्ट्रेलियात हायलक्स, फॉर्च्युनर, प्राडोच्या डीपीएफच्या (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दोषाबद्दल २०२२ मध्ये न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला.

सगळ्यात बोचणारं २०२४ चं. टोयोटा इंडस्ट्रीज, म्हणजे तीच मूळची मागाची कंपनी, डिझेल इंजिनांच्या पॉवर चाचणीत गैरप्रकार करताना सापडली. चाचणीला वापरलेलं सॉफ्टवेअर विक्रीच्या इंजिनातलं नव्हतं. भारतातही क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्सचं वितरण काही दिवस थांबलं. यामुळे इंजिन कमजोर ठरत नाही, पण धागा तुटला की थांबायचं हा नियम जिथे जन्मला तिथेच तो मोडला गेला, हे विसरू नये.

आणखी एक. लोगो बघून लौकिक गृहीत धरू नका. ग्लान्झा ही मुळात बलेनो आहे, २०२० ची अर्बन क्रूझर ही ब्रेझा. गाड्या वाईट नाहीत, पण टू-केडी किंवा क्वालिसच्या कहाण्या त्यांना लावता येत नाहीत.

पाना_१४:
@कोरापाटी, सहमत, आणि डीपीएफचा मुद्दा इथे थेट कामाचा आहे. २०१८ ची क्रिस्टा बीएस-४ (आधीच्या प्रदूषण नियमांची) आहे, तिला डीपीएफ नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला आहे, आणि रोज चार-पाच किमीच्या फेऱ्या मारणाऱ्याने ती घेताना विचार करावा. फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापतच नाही.

क्रिस्टाच्या टू-जीडी इंजिनला टायमिंग चेन आहे, १५० पीएस आणि व्हेरिएबल टर्बो. सात माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना फरक जाणवतोच. २.५ दुसऱ्या-तिसऱ्यात ओरडत चढते, क्रिस्टा तिसऱ्यात निवांत ओढते. तपासताना टर्बोच्या होसला ऑइल सुटलंय का, एक्झॉस्टला निळसर धूर आहे का, हे बघा. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या वाटेत) कार्बन साठतो, पिकअप मेल्यासारखा वाटला तर ते साफ करून घ्यावं.

दोन्ही गाड्यांना लागू:

क्लच: सरळ मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात चौथा टाका आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतोय पण वेग नाही, म्हणजे प्लेट संपली.

खालचं काम: गाडी लिफ्टवर घ्याच. पुढचे लोअर आर्म बुश, बॉल जॉइंट, स्टिअरिंग रॅकचे बूट. आपल्या रस्त्यांवर हे जातातच, त्यात गाडीचा दोष नाही, पण किमतीत धरायला हवं. पहिल्यातून सोडताना खालून "ठक्" आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघा.

कूलिंग: थंड इंजिनवरच रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी गंजकट तांबडं असेल तर कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं गेलंय. झाकण उघडं ठेवून स्टार्ट करा. सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट.

एसी: मागच्या ब्लोअरची हवा तिसऱ्या रांगेत बसून तपासा, पुढे बसून नाही.

कोकणकडा:
घाट आणि कोकण म्हटलंत म्हणून दोन गोष्टी.

एक, पूर. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळुणात असंख्य गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, टोकाशी मातकट रेषा दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे ब्रॅकेट गंजलेत का बघा. वरचं कार्पेट नवं आणि खालचे बोल्ट तांबडे, हे चिन्ह वाईट.

दोन, गंज. समुद्राजवळच्या गाडीची लॅडर चेसिस मागच्या चाकांच्या वर आणि स्पेअर व्हीलपाशी बघा. हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज हवा, बद्द नको. ताजा काळा रंग मारलेला असेल तर तो कशावर मारलाय हे विचारा.

कागदपत्रांत दिल्लीची नोंदणी आहे का बघा. तिथे १० वर्षांवरच्या डिझेलवर बंधन आल्यामुळे बऱ्याच गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत आल्या. आधी टॅक्सी परवान्यावर होती का, हेही आरटीओच्या नोंदीतून निघतं. २०१३ च्या गाडीची १५ वर्षं २०२८ ला भरतात. तेव्हा पुनर्नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर येईल, तो आजच हिशोबात धरा.

घाटवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. २.५ च्या मालकाशी बोललो. टी-बेल्टचा दिवा लागलेला नाही, म्हणजे बेल्ट चांगला आहे असं त्यांचं म्हणणं. बेल्ट बदलल्याचं बिल मात्र नाही. सर्व्हिसच्या नोंदी १,२०,००० पर्यंतच आहेत, पुढचं काम बाहेरच्या गॅरेजात. क्रिस्टाच्या सगळ्या नोंदी आहेत, पण ती बरीच महाग पडते.

पाना_१४:
दिवा हा पुरावा नाही. तो फक्त किलोमीटर मोजतो, बेल्टची अवस्था त्याला कळत नाही. बेल्ट न बदलताही रीसेट करता येतो. बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असंच धरा.

२.५ घ्यायचीच असेल तर किमतीतून एवढं काम वजा करून बोला: बेल्ट, टेन्शनर, चारही इंजेक्टरचे वॉशर आणि सील, चेंबर उतरवून जाळीची सफाई, सगळे फिल्टर, ऑइल, कूलंट, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं ऑइल. हे घरी आणल्याच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या घाटाच्या आधी. मालक स्कॅनर लावू देत नसेल किंवा थंड स्टार्ट दाखवत नसेल तर ती गाडी सोडा.

माझं मत विचाराल तर तुमच्या वापराला क्रिस्टा. १,८५,००० हा आकडा टू-केडीला जड नाही, पण शेवटच्या ६५,००० किमीत ऑइल कधी आणि कोणतं बदललं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि या इंजिनाचं आयुष्य त्याच एका उत्तरावर ठरतं. क्रिस्टाच्या नोंदी मात्र मालकाच्या फाइलवरून नका मानू, चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या. त्याच वेळी रिकॉलचं काही काम बाकी आहे का तेही विचारा. ते फुकट होतं.

घाटवाट:
रविवारी सकाळी सातला क्रिस्टाचा थंड स्टार्ट बघायचं ठरलंय, लिफ्टवाल्या गॅरेजात वेळही घेतलीय. चेसिस नंबर मागून घेतलाय. नोंदी हाती आल्या की इथेच टाकतो.