दाजीपूरला गर्दी चुकवायची तर कुठं जावं? (आई सोबत आहे)

रंकाळ्याकाठचा:
मंडळी, सल्ला पाहिजे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रविवारी घरच्यांना घेऊन दाजीपूरच्या अभयारण्यात गेलो. एकामागं एक आठ जिपा, पुढचीची धूळ मागचीच्या तोंडात. गवा दिसल्यावर पहिल्या जिपेतून जी आरोळी उठली, त्यानं गवा तर गेलाच, आमच्या वाट्याला नुसती हलणारी कारवी आली. पोरगा म्हणाला, "पप्पा, आपण जंगलात आलोय का महाद्वार रोडला?"
यंदा नोव्हेंबरात बुध-गुरु असे दोन दिवस मोकळे आहेत. आई ६६ वर्षांची, गुडघे दुखतात. पोरगा १० वर्षांचा, त्याला दमवायचंय. आपली गाडी आहे. माणसं कमी असतील अशी ठिकाणं सांगा. धबधबा नको.

सडाभटक्या:
बुध-गुरु म्हटलंत तिथंच अर्धं काम झालं. अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि सगळे फिरतात त्या एकाच जीपरस्त्यावर. १९५८ साली महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य म्हणून दाजीपूर जाहीर झालं ते गव्यांसाठी, आणि लोक अजून फक्त गवाच शोधतात. गवा नाही दिसला की पैसे बुडाले.
माझं ऐका. पहिली जीप धरा आणि निघायच्या आधीच जीपवाल्याशी ठरवून घ्या, की सावराई सड्यावर वीस मिनिटं इंजिन बंद. तो कुरकुर करेल, त्याला पुढची फेरी असते. चहापाण्याचं बघा, ऐकतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. लांबून ओसाड वाटतं. खाली बसलं की दगडातल्या तळहाताएवढ्या खळग्यात साठलेलं दव दिसतं, त्यात मुंग्या, कडेनं वाळलेलं गवत, आणि चिखल असलाच तर गव्याचा खूर उमटलेला. पोराला त्या खुरात स्वतःची मूठ ठेवायला सांगा. आईंना सड्यावर चालायचंच नाही, जिपेतून उतरलं की झालं.
पोराला दमवायचं तर शिवगड. उगवाईच्या देवळाकडून वाट आहे. गडावर बघायला फारसं उरलेलं नाही, पण कड्याच्या टोकाला गेलं की खाली सगळं कोकण. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नका. कळपातला गवा सहसा बाजूला होतो, एकटा फिरणारा थोराड नर मात्र वाट सोडेलच असं नाही. त्यानं फुसकारा टाकला की फोटो विसरायचा आणि सावकाश मागं सरायचं.

गारगोटीकर:
भावा, दाजीपूर दाजीपूर काय लावलंय. आमच्या भुदरगडाकडं कोण बघतंय का? पाटगावला जावा. मौनी महाराजांचा मठ हाय, धरण हाय, आणि गाव मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय. सातेरी माशांच्या पेट्या कशा ठेवत्यात ते दाखवा म्हटलं तर कोणबी दाखवतंय. आईस्नी मठात बसवा, गार वाटंल. तुमी आन् पोरगं चिक्केवाडीकडनं रांगणा किल्ल्याला. पावसाळ्यात वड्याला पाणी येतंय, नोव्हेंबरात काय काळजी न्हाई. डबा मात्र घरनं घ्या, वर काय मिळत न्हाई.

रंकाळ्याकाठचा:
@गारगोटीकर रांगणा एका दिवसात होईल का? पोरगं परत येताना खांद्यावर बसणार हे गृहीत धरून सांगा.

गारगोटीकर:
पहाटं पाचला कोल्लापूर सोडलं तर हुतंय. धाला सोडलं तर न्हाई.

बावड्याची_लेक:
आईंसाठी पळसंबे! मी तीनदा गेलोय. (बाई आहे, पण कोल्हापूरची आहे, 'गेलोय'च म्हणणार.) गगनबावड्याच्या रस्त्यावरनं आत फाटा लागतो. ओढ्याच्या पात्रात मोठमोठ्या सुट्या शिळा उभ्या आहेत आणि एकेक अख्खी शिळा कोरून देऊळ केलंय. वर झाडी एवढी दाट की भर दुपारी डोळे सरावायला वेळ लागतो. शिळांवर मुळं उतरलीत, कोरीवकाम कुठं संपतं आणि मूळ कुठं सुरू होतं ते हात लावून बघावं लागतं. दगड शेवाळलेला असतो, आईंचा हात धरा, चप्पल घट्ट पट्ट्याची घाला. रामलिंगापाशी बसायला जागा आहे. मागच्या खेपेला तासभर आम्ही दोघी आणि एक कुत्रं, बाकी कोणी नाही.
अभयारण्यात नाही हे, पण तुम्हाला शांतता पाहिजे का पावती?

वारणाकाठ:
राष्ट्रीय उद्यानच हवं असेल तर चांदोली. बांबवडे, कोकरूड करत मणदूर. वारणेवरच्या धरणाचा वसंत सागर मध्ये आणि भोवती जंगल. २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० ला कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. राधानगरी अभयारण्यात (दाजीपूर त्यातच येतं) आधी टिपलेला वाघ डिसेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात आला, म्हणजे तुमच्या दाजीपूरचाच पाहुणा. दिसेल म्हणून जाऊ नका, दिसत नाही.
मला तिथं झोळंबीचा सडा आवडतो. वाटेत उठलेल्या गावांच्या खुणा लागतात. घराचं जोतं, आणि त्याच्या दारातलं आंब्याचं झाड अजून फळ धरतंय. माझ्या पोरांना वाघापेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. उघडलंय का ते आधी फोन करून विचारा.

गप्पबसा:
सगळं सांगून टाका. पुढच्या वर्षी पळसंब्यात भेळेची गाडी लागली की मग याच धाग्यावर रडायला या. मला एक जागा माहीत आहे, सांगणार नाही.

बावड्याची_लेक:
@गप्पबसा देऊळ गावाचं आहे, माझ्या बापाचं नाही. रील टाकणाऱ्याला सांगत नाही, आईला घेऊन जाणाऱ्याला सांगते. तुमची जागा तुमच्याजवळ ठेवा, उबवा.

सडाभटक्या:
विषयावर या. रंकाळेवाले, एक राहिलं. ओढ्याकाठी ओल असेल तर नोव्हेंबरातही एखादी जळू चिकटते. ओढून काढू नका, मीठ लावा, आपोआप सुटते. पुरचुंडी खिशात असू द्या.

रंकाळ्याकाठचा:
जाऊन आलो. बुधवारी पहिली जीप, मागं एकच गाडी होती. सड्यावर जीपवाल्यानं बारा मिनिटांत हॉर्न दिला, पण बारा तर बारा. गवे दिसले, पाच, लांब. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय तेवढे चमकत होते. शिवगड सोडला, पोरानं खुराजवळच तळ ठोकला.
गुरुवारी पळसंबे. आई रामलिंगापाशी बसली ती दीड तास उठायलाच तयार नाही. शेवटी "तांबड्या-पांढऱ्याला उशीर होतोय" म्हणून उठवली.
जळू मलाच लागली, डाव्या पायाच्या बोटांत. मीठ गाडीत राहिलं होतं. आईनं पिशवीतून तंबाखूची पुडी काढून लावली, सुटली. आईकडं तंबाखू असते हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.