शब्दचर्चा: ‘ग्रेडियंट कोपॉलिमर’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा:
‘कंट्रोल्ड रॅडिकल पॉलिमरायझेशन’वर मराठीत लिहिते आहे. एकवारिक (मोनोमर), बहुवारिक (पॉलिमर), सहबहुवारिक (एकाहून अधिक प्रकारच्या एकवारिकांची साखळी, कोपॉलिमर) हे शब्द रुळलेले आहेत. गाडी ‘ग्रेडियंट’पाशी अडते. ‘प्रवण सहबहुवारिक’ चालेल का? आणि ‘नियंत्रित’ म्हणजे नियंत्रण नेमके कशावर?

उत्तर:
‘प्रवण’ नको. अपघातप्रवण, पूरप्रवण या शब्दांमुळे वाचक भलतीकडे जातो. ‘श्रेणीबद्ध’ म्हटले की पायऱ्या आल्या, आणि पायरी असते ती ब्लॉक प्रकारात: एका घटकाचा सलग पट्टा संपतो, मग दुसऱ्याचा सुरू होतो. इथे साखळीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रमाण हळूहळू पालटते. प्रवणता म्हणजे उतार, म्हणून ‘प्रवणता-सहबहुवारिक’ लिहा, ‘ता’ गाळू नका.

नियंत्रण आहे ते वाढत्या टोकावर. साध्या मुक्तमूलक पद्धतीत एक साखळी साधारण सेकंदभरात सुरू होऊन संपतेही. फ्लास्कमधले प्रमाण तासाभरात बदलले, तर आधीच्या साखळ्या एका घडणीच्या आणि नंतरच्या दुसऱ्या निघतात. एकाच साखळीच्या आत फरक पडत नाही. एटीआरपी (1995) किंवा राफ्ट (1998) या नियंत्रित पद्धतींत टोक बहुतेक वेळ निद्रिस्त असते आणि अधूनमधून जागे होऊन थोडी एकके जोडते. सगळ्या साखळ्या तासन्‌तास बरोबरीने वाढतात, म्हणून मिश्रणातला बदल प्रत्येक साखळीत उमटतो. लेखात हे आधी सांगा, शब्द मग आपोआप कळेल.

आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2010 मध्ये नुसते ‘नियंत्रित’ किंवा ‘जिवंत’ न म्हणता ‘रिव्हर्सिबल-डीॲक्टिव्हेशन’ म्हणावे असे सुचवले. मराठीत ‘प्रतिवर्ती-निष्क्रियण मूलक बहुवारिकीकरण’. लांबलचक आहे, पण घडते ते अचूक सांगते.

पुरवणी:
‘मूलक’ला एक तळटीप हवी. शाळेत मूलक म्हणजे सल्फेट, अमोनिअम असे प्रभारित गट. इथला मूलक म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला कण. पहिल्यांदा ‘मुक्तमूलक’च लिहा.

विचारणा:
मग दोन एकवारिके एकत्र टाकली की प्रवणता आपोआप येते?

उत्तर:
क्रियाशीलता-गुणोत्तरांवर अवलंबून, म्हणजे वाढते टोक दुसऱ्या एकवारिकाच्या तुलनेत स्वतःच्याच प्रकारचे किती पटीने पसंत करते यावर. मिथाइल मेथाक्रिलेटचे सुमारे 2 आणि ब्युटाइल ॲक्रिलेटचे 0.3 धरा. समसमान मिश्रणात सुरुवातीला साखळीत मेथाक्रिलेट जवळपास 70 टक्के जाते. ते संपत आले की ॲक्रिलेट वाढते. ही ‘स्वयंभू’ प्रवणता. स्टायरीन (0.52) आणि मिथाइल मेथाक्रिलेट (0.46) समसमान घेतले तर प्रमाण जवळपास हलतच नाही. तिथे ‘लादलेली’ प्रवणता लागते: एक एकवारिक फ्लास्कमध्ये, दुसरे सिरिंज पंपाने ठरावीक वेगाने.

पुरवणी:
राफ्टचे प्रमाण उदाहरणादाखल: दोन्ही एकवारिके 100 मोल प्रत्येकी, मेथाक्रिलेटला चालणारा राफ्ट कारक (टोक निद्रिस्त ठेवणारे संयुग) 1, एआयबीएन (मूलक पुरवणारे संयुग) 0.2, तापमान 70 अंश सेल्सिअस. एआयबीएन वाढवले की वेग वाढतो, पण मृत साखळ्याही वाढतात. त्यांच्यात प्रवणतेचा फक्त सुरुवातीचा तुकडा असतो आणि जीपीसीच्या (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या तंत्राच्या) आलेखात कमी वस्तुमानाकडे शेपूट दिसते. ऑक्सिजन काढायला नायट्रोजनचे बुडबुडे फार वेळ सोडू नका: मेथाक्रिलेट (उत्कलनबिंदू 101) ॲक्रिलेटपेक्षा (145) जास्त उडते आणि सुरुवातीचेच प्रमाण चुकते. गोठवणे, निर्वात करणे, वितळवणे हे चक्र तीनदा करा. सिरिंजमधले एकवारिकही ऑक्सिजनमुक्त हवे. हे हमखास विसरले जाते.

विचारणा:
प्रवणता खरोखर आली हे कसे सिद्ध करायचे?

उत्तर:
शेवटच्या पदार्थाचे साधे प्रोटॉन एनएमआर (रेणूतल्या हायड्रोजनांवरून रचना ओळखणारे तंत्र) पुरत नाही. त्यातून मुख्यतः सरासरी प्रमाण कळते. शून्य वेळेपासून ठरावीक अंतराने नमुने काढा, प्रत्येकात दोन्ही एकवारिके किती उरली ते मोजा, आणि दोन नमुन्यांमधल्या काळात काय जोडले गेले ते काढा. हे तात्कालिक प्रमाण रूपांतरणासमोर (एकवारिक किती टक्के वापरले गेले त्यासमोर) मांडले की उतार दिसतो. सोबत जीपीसीत वस्तुमान रूपांतरणाच्या प्रमाणात वाढताना दिसले पाहिजे. ते वाढत नसेल, तर तो उतार साखळ्यांच्या आतला नसून साखळ्यांसाखळ्यांमधला आहे, आणि ‘प्रवणता-सहबहुवारिक’ हे नाव त्या पदार्थाला देता येणार नाही.