मदत हवी आहे: ग्राफीनचे थर देऊनही इपॉक्सीची पट्टी ताठ का होत नाही?

नमस्कार मंडळी,

मी रबाळे एमआयडीसीत फायबरग्लासच्या एका शेडमध्ये नोकरी करते आणि जोडीला एम.ई. चालू आहे. प्रोजेक्ट दोन आठवडे एकाच जागी अडकलाय. कंपोझिटमधलं (रेझिनमध्ये तंतू किंवा पूड घालून केलेलं साहित्य) कुणी असेल तर कृपया वाचा.

इपॉक्सीत (हार्डनर घातल्यावर कडक होणारं रेझिन) ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ, पापुद्र्यांची पूड सगळीकडे सारखी न घालता वरच्या-खालच्या पृष्ठभागाकडे जास्त आणि मध्ये कमी, अशी रचना मी करतेय. याला एफजी-एक्स म्हणतात, सगळीकडे सारखी असेल तर यूडी. पट्टी वाकली की ताण बाहेरच्या कडांवर सर्वाधिक असतो आणि मधोमध शून्य. मग महागडी पूड जिथे कामाला येईल तिथेच घालावी, हा साधा हिशेब मला फार पटला.

माझ्या पट्टीत ०.८ मिमीचे पाच थर आहेत, वजनाने १, ०.५, ०, ०.५, १ टक्का. म्हणजे सरासरी ०.६. तुलनेसाठी ०.६ टक्क्याची यूडी पट्टी घेतली, ती एकाच ओतात केलेली. हाल्पिन-त्साय सूत्रानं (पुडीच्या मिश्रणाचा ताठरपणा आधीच काढायचं सूत्र) यूडीचा मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचं माप, ९ गिगापास्कल आणि एफजी-एक्सचा जवळपास १२ यायला हवा. तीन बिंदूंच्या वाकवणी चाचणीत (टेकूंमधलं अंतर ६४ मिमी) नुसतं इपॉक्सी २.९, यूडी ३.४ आणि एफजी-एक्स ३.१ आलं! यूडीपेक्षाही कमी.

कृती अशी: पूड अॅसिटोनमध्ये सोनिकेटरवर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र), मग रेझिनमध्ये, गरम करून अॅसिटोन उडवायचं, हार्डनर घालून साच्यात ओतायचं. सुटी संध्याकाळीच होते, म्हणून रोज एक थर आणि तो रात्रभर तसाच. सगळं ऑगस्टमध्ये झालं. खाडीकडून येणारा दमट वारा शेडमध्ये दिवसरात्र असतो.

एक गोष्ट खटकली. मोडलेल्या पट्टीचे थर खारीसारखे सुटे झाले आणि सुटलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. दुसऱ्या दिवशीचा थर ओतण्याआधी बोट फिरवलं तर काहीतरी मेणचट लागायचं. हाताचं तेल असेल म्हणून मी सोडून दिलं.

विजेचंही कोडं आहे. वरच्या पृष्ठभागावर दोन टोकांत थोडा प्रवाह जातो, पण वरून खाली, जाडीतून, मेगर (विजेचा रोध मोजणारं यंत्र) अजिबात प्रवाह दाखवत नाही. पूड नीट पसरलीच नाही का? पुढच्या महिन्यात गाईड सरांना दाखवायचंय.

प्रतिसाद १

ताई, ते मेणचट म्हणजे हाताचं तेल नव्हे. अमाइन हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतो, त्याची साय पृष्ठभागावर येते. पावसाळ्यात ठाण्यात बोटी दुरुस्त करताना हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. त्या सायीवर पुढचा थर ओतला की तो नुसता टेकून राहतो, धरत नाही. पाचही थर एकमेकांवर मोकळे घसरले तर ताठरपणा थेट पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. तुमचे अर्धवट धरलेत, म्हणून ३.१ तरी मिळाले. थर आधी कोमट पाण्यानं, स्कॉच-ब्राइटनं धुवा, पुसून कोरडा करा, मगच पॉलिश पेपर मारा. न धुता घासलंत तर साय पसरते.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. यूडी एका ओतात आणि एफजी-एक्स पाच ओतांत, ही तुलना न्याय्य नाही. पुडीची मांडणी आणि ओतायची रीत, दोन्ही एकदम बदललीत. यूडीही पाच थरांत करा, नुसतं इपॉक्सीही. मांडणीत दम आहेच. साहित्य सगळीकडे एकच धरलं तरी अशा पट्टीत वाकण्याविरुद्धच्या ताठरपणाचा ७८ टक्के वाटा बाहेरचे दोन थर उचलतात.

सूत्रातला ९ चा आकडा सोडून द्या. शोधनिबंधांत पापुद्रा २.५ मायक्रॉन लांब, १.५ नॅनोमीटर जाड आणि घनता १.०६ धरलेली असते. तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय? ५ मायक्रॉन लांब, ८ नॅनोमीटर जाड आणि ग्राफाइटची घनता २.२ धरली तर यूडी साडेपाचच्या आसपास येते. शिवाय पापुद्रे गुठळ्या करून बसतात, अॅसिटोन मागे राहिलं तर इपॉक्सी मऊ पडतं. ओतण्याआधी रेझिनचं वजन दोनदा घ्या, दोन्ही वेळा सारखं येईपर्यंत तापवा.

जाडीतून प्रवाह येणारच नाही. मधला थर शून्य टक्क्याचा, म्हणजे वाटेत अख्खी विजेची भिंत. तेवढ्यावरून पूड पसरली नाही असं म्हणता येत नाही. वरचा थर चार टोकांच्या पद्धतीनं (दोन टोकांतून प्रवाह सोडून मधल्या दोनांत व्होल्टेज बघायचं) वेगळा मोजा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. पाकिटावर ५ मायक्रॉन आणि ६ ते ८ नॅनोमीटर लिहिलंय, मी सूत्रात शोधनिबंधातलेच आकडे टाकले होते.

कालच नुसत्या इपॉक्सीच्या पाच थरांच्या दोन पट्ट्या तपासल्या. न धुतलेली २.५, धुतलेली २.८. एका ओताची २.९ होतीच. म्हणजे माझं ग्राफीन जेवढं देत होतं, त्यातलं बरंचसं ती सायच खात होती.

आता एकच अडचण. साय येऊच नये म्हणून खालचा थर जेल होताच, बोटाला चिकटतो पण तार ओढत नाही तेव्हा, पुढचा ओतायचा विचार आहे. अशा वेळी १ टक्क्याच्या थरातली पूड खालच्या ०.५ च्या थरात उतरते का? कुणी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय का?