बुकशेल्फ स्पीकरचा स्वभाव: पेटीचा की खोलीचा?

(पाच श्रोत्यांची चर्चा; प्रत्येकाचे टोपणनाव त्याच्या मजकुराच्या वर)

अंत्रुजी

विषय वादाचाच आहे, म्हणून मत आधीच सांगून टाकतो. "ब्रिटिश स्पीकर वॉर्म (खालचे सूर ऊबदार), अमेरिकन ब्राइट (वरचे सूर चकचकीत)" ही वाटणी आता बाद करा. पाच-साडेपाच इंची वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या कोनच्या) दोन पेट्यांत लोकांना जो 'स्वभाव' ऐकू येतो, त्यातला २०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे बासचा, जवळजवळ सगळा भाग खोलीचा असतो.

गोव्यात पर्वरीच्या फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम घ्या: ३ मीटर रुंद, ४ लांब, २.९ उंच. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला प्रत्येक मापाच्या दुपटीने भागा. लांबीची स्थिर लहर (समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमणारी) ४३ हर्ट्झवर येते, रुंदीची ५७ वर, उंचीची ५९ वर. शेवटच्या दोन एकमेकींच्या डोक्यावर बसतात. तिथे कुठलाही स्पीकर ठेवा, घुमणारच. मग कोणीतरी लिहितो, "बास भरदार, पण जरा सैल." सैल खोली आहे, बाबांनो.

मागच्या भिंतीचेही तेच. वूफरपासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीने ३४३ ला भागायचे. पेटी २८ सेंटिमीटर खोल आणि मागे ४० मोकळे, म्हणजे अंतर ६८ सेंटिमीटर. उत्तर १२६ हर्ट्झ. तिथे भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला खातो, आणि १२६ हर्ट्झ म्हणजे पुरुषी गळ्याचा पाया. पेटी मागे सरकवून फक्त ५ सेंटिमीटर ठेवले की हा खड्डा २६० वर जातो आणि उथळ होतो. स्पीकर तोच, फूटभर सरकवला, आणि पातळ वाटणारा गळा भरला.

बार्देशी

गणित बरोबर, निष्कर्ष मात्र उडी मारून काढलेला. गळा, हार्मोनियम, व्हायोलिन आपण ओळखतो ते साधारण ३०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तिथे स्पीकरची पेटीच बोलते.

१८ सेंटिमीटर रुंदीची पेटी साधारण ६४० हर्ट्झच्या वरचा आवाज समोर फेकते. त्याखालचा चहूकडे पसरतो, त्यामुळे मोकळ्या जागेत तो ६ डीबीपर्यंत (डेसिबल, आवाजाच्या पातळीचे माप) उतरतो. क्रॉसओव्हरमध्ये (वरचे-खालचे सूर वेगळे करणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये) याची भरपाई पूर्ण ६ करायची की ३-४ वर थांबायचे, ही डिझाइनरची निवड. पूर्ण केलेली पेटी स्टँडवर गोड वाजते, भिंतीला टेकवली की गढूळ होते. दुकानात स्टँडवर ऐकायचे आणि घरी शोकेसच्या कप्प्यात कोंबायचे, मग कंपनीला शिव्या!

आणि मुद्दाम राखलेला स्वभाव बघायचा तर बीबीसीचा एलएस३/५ए हा स्पीकर घ्या. १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत बसावा म्हणून केलेली, जेमतेम ५ लिटरची बंद पेटी. संवेदनशीलता (तेवढ्याच विजेत किती मोठा आवाज निघतो ते) ८२-८३ डीबी, खोल बास नाहीच. पण १०० हर्ट्झच्या जरा वर प्रतिसादात उंचवटा आहे, त्यामुळे कानाला बास असल्यासारखे वाटते. खोली बदला, उंचवटा बरोबर येतो.

चिरेबंदी

दोघेही फ्लॅट धरून बोलता आहात. फोंडा-डिचोलीकडच्या जुन्या घरांत वर स्लॅब नसतो, उतरती मंगळुरी कौले असतात. जमीन-छताची ती ५९ हर्ट्झची भानगड तिथे उरत नाही, आणि बराचसा बास कौलांतून बाहेर जातो. फ्लॅटमध्ये ढुमढुमणारा पोर्टवाला (पेटीला हवेचे भोक असलेला) स्पीकर अशा माजघरात समजूतदार वागतो, उलट छोटी बंद पेटी अगदी केविलवाणी वाटते. चिरा (जांभा दगड) सच्छिद्र असतो म्हणून आवाज शोषेल, अशी आशा करू नका. गिलावा आणि रंग चढला की तीही काँक्रीटसारखीच कडक भिंत. कोब्यावर जाड सतरंजी घाला, नाहीतर टाळ्यांचा प्रतिध्वनी ट्वीटरच्या (वरचे सूर काढणाऱ्या छोट्या भागाच्या) नावावर खपेल.

बास पारखायला घुमट-आरतीचे (घुमट या गोव्याच्या तालवाद्यावरच्या आरतीचे) चांगले मुद्रण घ्या. आता २०१९ पासून ते राज्याचे वारसावाद्य आहे म्हणून नव्हे. घुमट हीच एक पोर्टवाली पेटी आहे मरे: मातीचे मडके, एका तोंडाला चामडे, दुसरे उघडे. वाजवणारा ते उघडे तोंड तळव्याने झाकतो-सोडतो तसा घुमारा बदलतो. हा बदल स्पीकरमधून कळला पाहिजे. सगळे फटके एकाच स्वरात "धुम, धुम" आले, तर पोर्टचा स्वर आणि खोलीचा स्वर जुळले आहेत असे समजा. वर कासाळे (झांजेसारखे वाद्य) वाजत असतेच, ट्वीटर चरचरतो का तेही लगेच दिसते.

केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर मात्र ट्वीटर पारखू नये. त्या काळच्या मुद्रणात वरची पट्टी फारशी नाहीच. मध्यपट्टीसाठी त्या जरूर ऐकाव्यात.

सरगम४०३

भांडा, पण आधी तुलना कशी करायची ते ठरवा. क्लिप्श आरपी-६००एम या स्पीकरची संवेदनशीलता कागदावर ९६ डीबी, केफ एलएस५० मेटाची ८५. व्हॉल्यूम न हलवता जोडी बदलली तर ११ डीबीचा फरक, म्हणजे कानाला दुप्पट मोठा आवाज. अशा वेळी क्लिप्श "जिवंत" वाटणारच. एका डीबीचा फरकसुद्धा फरक म्हणून कळत नाही, नुसते "जास्त स्पष्ट" वाटते.

५०० ते २००० हर्ट्झचा पिंक नॉइज (एकसारखा खसखसणारा चाचणीचा आवाज) लावा. आवाज मोजायला फोन, बसलेल्या माणसाच्या कानाच्या जागी, स्थिर ठेवा आणि दोन्ही स्पीकर अर्ध्या डीबीच्या आत आणा. अँपच्या (अँप्लिफायरच्या) आवाजाच्या बटणावर चिकटपट्टीने दोन खुणा करा. दोन्ही जोड्या एकाच वेळी समांतर जोडू नका: ४ ओहमच्या दोन मिळून २ ओहम होतात आणि अँप प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. जोडी बदलायची स्विचपेटी घ्यायची तर आधी तोडून मग जोडणारी घ्या. पहिला निकाल दोन्हींचा एकेकच स्पीकर शेजारी ठेवून, मोनोत. मग जागांची अदलाबदल. जागा बदलल्यावर मत बदलले, तर ते मत जागेचे होते. पंखा बंद. स्पीकर दिसू नयेत म्हणून मध्ये मलमलचा पडदा.

पोलॅरिटीही बघा. एका बाजूची लाल-काळी वायर उलटी लागली की बास गायब होतो आणि गळा मधोमध न येता खोलीभर तरंगतो. लोक त्याला "साउंडस्टेज मोठा" म्हणतात.

अंत्रुजी

पडद्याचे खरे. शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर बघून आणि न बघता ऐकवले, तर गुण बदलले. बघून ऐकताना मोठ्या, महाग पेट्या वर गेल्या. म्हणजे निम्मा स्वभाव डोळ्यांचा.

बार्देशी

पण त्याच मंडळींचे पुढचे म्हणणे का गाळता? न बघता ऐकले की बहुतेकांना समोरून सपाट आणि बाजूंना गुळगुळीत उतरणारा प्रतिसाद आवडतो, आणि ही पसंती खोली बदलली तरी फारशी हलत नाही. हा पुरावा पेटीच्या बाजूचा.

बाजूचा आवाज हीच खरी ओळख. नेहमीच्या टू-वेमध्ये (वूफर आणि ट्वीटर अशा दोन भागांच्या स्पीकरमध्ये) कान ट्वीटरच्या खूप वर गेला की क्रॉसओव्हरच्या आसपास खड्डा पडतो, म्हणून उभ्याने आणि बसून ऐकलेले वेगळे लागते. ट्वीटर बसलेल्याच्या कानाच्या उंचीला, जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर हवा. केफच्या यूनि-क्यू रचनेत ट्वीटर वूफरच्या मध्यातच असल्याने हा त्रास कमी. क्लिप्शचा हॉर्न वरच्या पट्टीला आवरून समोर पाठवतो, म्हणून चारी बाजूंनी टाइल्स असलेल्या हॉलमध्ये तो कागदावरच्यापेक्षा शांत वाटू शकतो.

मोनो मात्र पहिल्या फेरीपुरतेच. झटपट अदलाबदलीत ठसठशीत ट्वीटर जिंकतो आणि तासाभराने तोच कान दुखवतो. दुसरी फेरी संथ आलापीची, जोडी लावून, सबंध संध्याकाळ.

मिरामारवारा

तीन पावसाळे काढल्यावर मूळ स्वभाव उरला तर वाद! जुनी जोडी घेताना वूफरची कड आधी बघा. फोमची असेल तर बोटाने हलके दाबा. भुगा आला किंवा चिकटली तर ती गेली. दमट हवेत फोम आतून कुजतो. रबराची कड इथे जास्त टिकते. मग दोन्ही अंगठ्यांनी कोन सरळ आत ढकला आणि कान जवळ न्या. खरखर आली तर कॉइल घासते आहे: चौकट वाकली असेल किंवा कॉइलभोवतीच्या चुंबकाच्या फटीत गंज असेल. कागदी कोनवर बुरशी आली तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओले फडके नको. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची) पेटी खालच्या कडेने फुगते, म्हणून जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका.

समुद्राजवळ उघडे तांबे काही महिन्यांत हिरवे होते. वायरचे टोक २ सेंटिमीटर कापून नवे काढा, बनाना प्लग लावा, टर्मिनल कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. एक बाजू "कंटाळवाणी" वाजते अशी तक्रार असेल तर स्पीकर बदलण्याआधी हे करा.

अंत्रुजी

बार्देशी, पसंती पेटीची हे मान्य केले तरी ३ बाय ४ च्या खोलीतला बास ती पेटी ठरवत नाही. मग तिथे पोर्टवाली घेऊन सोबत आलेला फोमचा बोळा मागच्या पोर्टमध्ये कोंबायचा, की सरळ बंद पेटी घ्यायची?

सरगम४०३

बोळ्याने पोर्टवाली पेटी खरी बंद पेटी होत नाही, कारण वूफर आणि पेटीचे आकारमान पोर्ट धरून ठरवलेले असते. पण बासचा उतार अष्टकाला (वारंवारता निम्मी होईल तितक्या टप्प्याला) २४ डीबीवरून १२ च्या जवळ येतो, आणि ५७-५९ हर्ट्झवर पोर्टचा हातभार लागायचा थांबतो. आधी बोळा एकाच बाजूला घाला. दोन्हीकडे घालून गळा पातळ झाला, तर पेटी १० सेंटिमीटर मागे घ्या आणि पुन्हा ऐका.