मदत हवी आहे: परदेशातले डॉक्टर दीर, इथलं रुग्णालय आणि एक मशीन

चरईच्या_वहिनी: माझे दीर अमेरिकेत भूलतज्ज्ञ आहेत. डिसेंबरात तीन आठवडे ठाण्यात असतील. इथल्या रेसिडेंट, म्हणजे रुग्णालयात काम करत भूलशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टर मुलांना फुकट शिकवायचंय आणि एक छोटं मशीन द्यायचंय. एका सरकारी रुग्णालयात विचारायला गेले, तर या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी ‘अर्ज ठेवून जा, बघू’. फुकट मिळतंय तरी एवढे नखरे? कोणाला भेटायचं तेवढंच सांगा. ‘आपल्याकडे असंच चालतं’ हे ऐकवू नका, मला माहीत आहे.

पारसिकचा_वारा: पासपोर्ट कुठला? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे का? मशीन कसलं?

नेरूळकर: वहिनी, सरकारीच्या नादी लागू नका. आमचा ट्रस्ट शहापूर-मुरबाडकडे दर वर्षी शिबिर घेतो. त्यांना एक रविवार आमच्याकडे पाठवा. बॅनर, जेवण, गाडी आमची.

चरईच्या_वहिनी: एमबीबीएस, एमडी दोन्ही मुंबईचं. आता तिकडचे नागरिक आहेत, ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आहे. नोंदणी तेव्हा केलीच असेल की. मशीन म्हणजे नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करणं) देताना वापरतात ते.

भूल_द्या: मी याच धंद्यातला. ‘तेव्हा केली’ चालत नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि त्याला परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे क्रेडिट पॉइंट लागतात. ओसीआयवाल्या डॉक्टरांना इथे काम करता येतं, पण नोंदणी हवीच. पेशंटला हात लावायचा नसेल, नुसतं लेक्चर आणि डमीवर सराव असेल, तर प्रकरण सोपं. खिडकीवर जाऊच नका. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय पालिकेचं आहे, तिथे भूलशास्त्राच्या विभागप्रमुखांना भेटा. विषय, तारखा आणि बायोडेटा एका पानात, प्रत डीनना. विभागाला स्वतःहून हवं असलं की फाइल आपोआप सरकते.

बायोमेडवाला: सगळे मुद्द्याला बगल देताय. नर्व्ह ब्लॉकचं मशीन म्हणजे पोर्टेबल सोनोग्राफी! वहिनी, तो १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याचा विषय आहे. ब्लॉकसाठी आणलं तरी त्यात गर्भही दिसतो, म्हणून नोंदणी नसलेल्या जागी ते ठेवता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आधी रुग्णालयाच्या नोंदणीत ते मशीन चढणार का, हे लेखी घ्या. पोर्टेबलचे नियम आणखी कडक आहेत. शिवाय तिकडे वीज १२० व्होल्टची. चार्जर, प्रोब, सर्व्हिस कोण बघणार? दान आलेली मशीनं बंद पडून कपाटात जातात, मी ती कपाटं उघडलीयेत.

नेरूळकर: झालं! असल्या लोकांमुळेच परदेशातली मंडळी मागे फिरतात. देणाऱ्याची दानत बघा. डॉलर आमच्या ट्रस्टला द्या, आम्ही इथेच मशीन घेऊ.

पारसिकचा_वारा: ट्रस्टची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आहे का? दीर अमेरिकी नागरिक आहेत, म्हणजे तो परकीय निधी. तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावा लागतो. भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या बचतीतून देतो तेव्हा हे लागत नाही. म्हणून पासपोर्ट विचारला होता.

नेरूळकर: ते आमचे सीए बघतील.

भूल_द्या: आणि शिबिरात काय करणार? रविवारी बीपी मोजायचं, आठ दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. नवव्या दिवशी तो माणूस कुठे जाणार? त्यापेक्षा दहा रेसिडेंट तयार झाले तर ते पुढची तीस वर्षं इथे भूल देतील. आणि तीन आठवडे संपल्यावर महिन्यातून एकदा ऑनलाइन केस चर्चा ठेवा, त्याला मशीन लागत नाही.

आईबाबा_ऐरोली: विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मुलगा फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकतोय. परत आल्यावर एफएमजीईसाठी (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची इथली परीक्षा) क्लास कुठला चांगला? शक्यतो वाशीत.

पारसिकचा_वारा: ताई, वेगळा धागा काढा.

चरईच्या_वहिनी: विभागप्रमुखांचं लक्षात आलं, उद्याच जाते. पण मशीनचं आता कसं सांगू? जाऊबाई पुढे येतायत, परवाचं विमान आहे. ते मशीन त्यांच्याच बॅगेत भरलंय.

बायोमेडवाला: आत्ता फोन करा. बॅगेतून काढून तिकडेच ठेवू दे.

चरईच्या_वहिनी: तिकडे रात्रीचे तीन वाजलेत.

बायोमेडवाला: भूलतज्ज्ञ आहेत ना, त्यांना रात्रीच्या फोनची सवय असते. लावा.

नेरूळकर: वहिनी, तेवढं शिबिराचंही विचारून घ्या.