मानद वाणिज्य दूतावासाचा नेमका उपयोग काय? (संदर्भ : नॉर्वे आणि अमेरिका)

उत्तरध्रुव : वॉशिंग्टनमध्ये दूतावास आणि न्यूयॉर्कसारख्या शहरांत महावाणिज्य दूतावास (दूतावासाखेरीज असलेली मोठी शहरी कार्यालये) असताना नॉर्वे अमेरिकेत इतरत्र मानद वाणिज्यदूत का नेमतो? या पदाला काही खरा अधिकार असतो, की तो केवळ मानाचा टिळा आहे? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

टिपणवही : अधिकार असतो, पण मर्यादित. वाणिज्यदूतांच्या संबंधांविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना करारात मानद वाणिज्यदूतांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि असे दूत नेमावेत अथवा स्वीकारावेत की नाही, हे प्रत्येक राष्ट्राच्या मर्जीवर सोडलेले आहे. ही व्यक्ती बहुधा स्थानिक रहिवासी असते आणि आपला व्यवसाय सांभाळून हे काम करते. म्हणूनच वाणिज्य दूतावासाची कागदपत्रे खाजगी व व्यावसायिक कागदपत्रांपासून वेगळी ठेवली, तरच त्यांना संरक्षण मिळते. स्वतःचा व्यवसाय आणि दूतकार्य एकाच कपाटात ठेवता येत नाही, हे उत्तमच.

मिसिसिपीकाठ : मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहराचे उदाहरण पाहावे. 4 जुलै 1825 रोजी ‘रेस्टोरेशन’ हे छोटे जहाज स्थलांतरितांना घेऊन नॉर्वेतील स्टाव्हांगरहून निघाले आणि तेथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन अमेरिकेत आले. त्यांतले पुष्कळजण मिनेसोटा आणि आसपासच्या राज्यांत शेती करू लागले. मिनियापोलिसमधील पूर्णवेळ कार्यालय बंद करण्याचे नॉर्वेने ठरवले, तेव्हा त्यामुळेच स्थानिकांनी जोरदार विरोध केला. अखेर तेथे मानद महावाणिज्य दूतावास आला आणि 2008 मध्ये त्याची धुरा वॉल्टर मॉन्डेल यांनी स्वीकारली. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष, जपानमधील माजी राजदूत आणि मुळात नॉर्वेजियन वंशाचे! अशा माणसाचा फोन कोणता गव्हर्नर टाळेल? ओस्लोहून तीन-चार वर्षांसाठी आलेल्या अधिकाऱ्याला एवढ्या ओळखी जमवता जमवताच बदलीची वेळ येते. विद्यापीठांशी संशोधन-सहकार्य, कंपन्यांच्या भेटीगाठी, 17 मेचा संविधानदिन, ही कामे ओळखींवरच चालतात.

टिपणवही : सहमत, तरी प्रत्येक शहराला मॉन्डेल मिळत नाहीत. बिनपगारी पद असल्याने सारी भिस्त त्या व्यक्तीच्या उत्साहावर राहते. शिवाय व्यापारविषयक वाटाघाटी वा संरक्षणाचे प्रश्न दूतावासाकडेच जातात आणि ते योग्यही आहे.

उत्तरध्रुव : आभार. म्हणजे एखादा मानद दूत निवृत्त झाला की त्याच्या ओळखीही त्याच्याबरोबरच जातात का, की उत्तराधिकारी निवडताना नॉर्वे याचा विचार करतो?