एनके आणि डेंड्रिटिक पेशी एकत्र ठेवल्या की डेंड्रिटिकच मरतात, मदत हवी आहे

पेशीवेडी: एमएस्सीचा प्रोजेक्ट अडलाय, सोमवारी गाइडना डेटा दाखवायचाय. मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींपासून वाढवलेल्या डेंड्रिटिक पेशी (जंतूंची खबर देणाऱ्या) आणि त्याच दात्याच्या एनके (नॅचरल किलर, म्हणजे मारक पेशी) रात्रभर एकत्र ठेवल्या. दोघी एकमेकींना सक्रिय करतात असंच सगळीकडे लिहिलंय. इथे एनकेमध्ये इंटरफेरॉन-गॅमा (त्या सक्रिय झाल्याची खूण असलेलं प्रथिन) जवळजवळ नाहीच, आणि निम्म्याहून जास्त डेंड्रिटिक मेलेल्या. काय करू? लवकर सांगा प्लीज.

जुनी_लॅब: प्रमाण किती? डेंड्रिटिक कच्च्या की एलपीएस (जिवाणूच्या आवरणातला रेणू) देऊन पक्व केलेल्या? एनकेंना चेतवणारं आयएल-२ दिलंत का?

पेशीवेडी: एका डेंड्रिटिकला ५ एनके. एनकेंना आधी आयएल-२ दिलंय. एलपीएस नाही.

जुनी_लॅब: मग मरणारच. आयएल-२ मिळालेल्या एनके एनकेपी-३० या ग्राहकाने कच्च्या डेंड्रिटिक हेरून मारतात. पक्व पेशींवर एनकेंना ‘मारू नका’ सांगणारा एचएलए वर्ग १ रेणू वाढलेला असतो, त्या वाचतात. २००२ मध्ये एकाच मासिकात या जोडीवर ३ पेपर आले, त्यातल्या एकात हेच आहे: एनके कमी असल्या तर डेंड्रिटिक पक्व होतात, जास्त असल्या तर बंद पडतात. प्रमाण उलटं करा, ५ डेंड्रिटिकला १ एनके. आणि एनकेंना इंटरफेरॉन बनवायला लावणारं आयएल-१२ डेंड्रिटिकमधून एलपीएसशिवाय फारसं सुटत नाही, मग इंटरफेरॉन कुठून येणार?

सह्याद्री७: ट्रान्सवेल (दोन्ही पेशींमध्ये जाळी ठेवणारी प्लेट) लावा, मारामारीच नको.

जुनी_लॅब: कंट्रोल म्हणून जरूर लावा. पण डेंड्रिटिक पेशी आयएल-१५ हा एनकेंना चेतवणारा रेणू स्वतःच्या पृष्ठभागावर धरून एनकेसमोर मांडते. जाळी मध्ये आली की ते गेलंच.

सह्याद्री७: तरी डेंड्रिटिकचा नाद सोडा, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) घ्या. टी आणि बी पेशी नसलेले स्किड उंदीरसुद्धा लिस्टेरिया जिवाणूला सुरुवातीला आवर घालतात, ते मॅक्रोफेजचं आयएल-१२ आणि एनकेचं इंटरफेरॉन-गॅमा यांच्या जोरावरच.

पेशीवेडी: सिनॉप्सिस मंजूर झालीय हो, आता पेशी बदलता येणार नाहीत.

आनंदी_आजी: माझ्या नातवाला सारखी सर्दी होते. एनके पेशी वाढायला काय द्यावं?

जुनी_लॅब: आजी, त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ही प्लेटमधल्या पेशींची चर्चा आहे.

फ्लोवाला: ब्रेफेल्डिन (प्रथिनं पेशीबाहेर जाऊ न देणारं रसायन) कधी टाकलंत, हे कुणीच विचारलं नाही.

पेशीवेडी: सुरुवातीलाच, पेशी मिसळताना.

फ्लोवाला: म्हणजे इंटरफेरॉनबरोबर डेंड्रिटिकचं आयएल-१२ही आतच अडकलं. शिवाय रात्रभराचं ब्रेफेल्डिन पेशींना झेपत नाही. एनकेंवर आळ कशाला?

जुनी_लॅब: एका डेंड्रिटिकला ५ एनके असल्या की त्या मारतातच, ब्रेफेल्डिन असो वा नसो.

फ्लोवाला: नुसत्या डेंड्रिटिकच्या वेलमध्ये (प्लेटच्या खणात) किती मेल्या?

पेशीवेडी: अगदी थोड्या. पण त्या वेलमध्ये ब्रेफेल्डिन नव्हतं.

फ्लोवाला: मग त्यावरून काहीच ठरत नाही. आज नुसत्या डेंड्रिटिक ब्रेफेल्डिनसह आणि त्याशिवाय लावा. मिश्र वेलमध्ये ते शेवटच्या ४ तासांतच टाका. सीडी१०७ए (एनके मारतायत याची खूण) बघायचं असेल तर त्याची अँटिबॉडी मात्र सुरुवातीपासून हवी.

पेशीवेडी: लावते. डेंड्रिटिक एलपीएस टाकून धुवायच्या, की तसंच ठेवायचं?

जुनी_लॅब: धुवायच्या. नाहीतर एनकेंच्या तयारीत उरलेले मोनोसाइट जागे होतील, आणि आयएल-१२ कुणाचं ते कळणार नाही.